जिवाणी

— थांबू दे ना ट्रॅक्टर कोपऱ्यावर, मुरूम काय पळून जातोय? तू ये, बस. तिथं नको, तिथली फरशी हलते — इकडे, ओट्यावर. मोहिनी ना तू? चेहरे राहतात माझ्या लक्षात, नावं निसटतात — आमच्या घरात आता नावं निसटायचा रोगच आलाय म्हण. त्या दिवशी तू बायकांची मीटिंग घेतलीस ना, बाटलीत पाणी घेऊन थेंब टाकलेस आणि पाणी पिवळं झालं, तर कुंदाबाई ओरडली, अगं बाई, हे तर नासलं! आणि तू म्हणालीस, नाही मावशी, पिवळं झालं म्हणजे औषध पोचलंय, म्हणजे पाणी चांगलं. किती हसलो सगळ्या. चांगलं समजावतेस तू, चिडत नाहीस. कुठली म्हणालीस, साक्रीची? बघ, माझं माहेर पिंपळनेरचं. म्हणजे तू माहेरचीच निघालीस की गं. मग पाणी न घेता कशी उठू देईन? घे. गाळलेलं आहे. न गाळता आमच्याकडे कुणाला देत नाहीत.

आणि गैरसमज करून घेऊ नकोस हं, तुमच्या नळाशी माझं भांडण नाही. उलट नळ आला तेव्हा तोटीला कुंकू मी लावलंय. आधी काय होतं इथं? पाण्याचा दिवस म्हटला की एरंडोलची निम्मी गल्ली घराबाहेर पडायची नाही. लग्नाची तारीख काढायला गुरुजी बसले की आमची कुंदाबाई आधी विचारायची, त्या दिवशी पाणी तर नाही ना येणार? माणसं मयतीला उशिरा जायची, आणि समोरचे समजून घ्यायचे — पाणी होतं का तुमच्याकडे? हो, पाणी होतं. बस, पुढे बोलायचं काम नाही. आता तुम्ही टेकडीवर ती टाकी बांधली, गल्लीगल्लीत पाइप टाकले, चिखल झाला तो झाला, लोक ओरडले ते ओरडले, पण आता तोटी सोडली की पाणी. मी तर म्हणते, ज्याने ही योजना आणली त्याला पुण्य लागेल. मग झालं तर! तुमचं काम झालं ना? मग ही विहीर कशाला बुजवता, ती तुमचं काय खाते? ती काही तुमच्याकडे मीटर मागत नाही, पाइप मागत नाही. एका बाजूला पडलीय बिचारी. कठडा पडला मागच्या पावसात, तो बांधून घेऊ आम्ही. अखिलला सांगते मी, सुरतला आहे माझा मुलगा, तो करेल. काय? — तक्रार आली? — कोणी केली तक्रार? राहू दे, नाव नको सांगूस. नाव नाही सांगितलं? मग झालं. असेल गल्लीतलंच कोणीतरी. मला काय माहीत.

तुला माहितीये का, ही विहीर ह्यांच्या आजोबांनी खोदली. ह्यांच्या म्हणजे आमच्या मालकांच्या, प्रकाशचंद शेठच्या. राजस्थानातून आले तेव्हा दुकान नव्हतं, घर भाड्याचं होतं, आणि माणसाने आधी काय केलं तर विहीर खोदली. घरात नाही, गल्लीत. म्हणाले, ज्या गावाचं मीठ खायचं त्या गावाला आधी पाणी पाजू. मी सून म्हणून आले तेव्हा सासूबाईंनी मला दागिन्यांच्या आधी काय दाखवलं? गरणं. तुम्ही गाळणं म्हणता, ते. जाड सुती कापड, दुहेरी घडीचं. आणि म्हणाल्या, जतन — जतन माझं नाव — पाणी गाळशील तेव्हा लक्ष ठेव — पाणी आपलं, पण कापडावर जे राहतं ते आपलं नाही.

जिवाणी म्हणतात त्याला. ऐकलंय कधी? — कुठून ऐकशील. पाण्यात बारीक बारीक जीव असतात ना, डोळ्यांना न दिसणारे, ते कापडावर राहतात. मग काय करायचं — कापड उलटं धरायचं, वरून गाळलेल्या पाण्याची धार सोडायची, ते सगळे जीव तांब्यात उतरवून घ्यायचे. आणि जिथलं पाणी तिथंच परत नेऊन सोडायचं. दुसऱ्या विहिरीत नाही हं. ज्या विहिरीचे जीव त्याच विहिरीत, म्हणजे आपल्या घरी. आणि वरून फेकायचं नाही. तांब्यातलं बादलीत ओतायचं, त्याची बादली वेगळी असते, ती बघ, कोपऱ्यात आहे — तिला बुडाला कडी आहे, दिसली? दोर वरती बांधायचा नाही, त्या बुडाच्या कडीला बांधायचा. वरच्या दांडीत दोराचा नुसता आकडा अडकवायचा. अगदी सावकाश खाली सोडायचं. पाण्याला टेकली की आकडा आपोआप सुटतो, मग दोर हळूच ओढला की बादली बुडाकडून उचलली जाते आणि पाण्यात पाणी मिसळतं. आवाज होता कामा नये. छपाक झालं की समजायचं, आपटले जीव. आवाज झाला नाही तर सुखरूप पोचले. आमचे सासरे वरती कान देऊन उभे राहायचे. आणि मग हे.

हसलीस? हस, हस, मला राग नाही. तुझ्या पाण्यात तर जीवच नाही, ते पिवळे थेंब बोलतात ना सगळं. मग गाळायचं काय आणि परत नेऊन सोडायचं काय? बरोबर आहे तुझं. मी चातुर्मासात आमच्या साध्वींना, महासतीजींना, विचारलं पण होतं. म्हटलं, नळ आला, आता जिवाणी कुठे सोडू? धरणावर नेऊन सोडू का रिक्षाने? तर त्या हसल्या आणि म्हणाल्या, विवेक ठेवा. आता विवेक म्हणजे काय ते मला कोण सांगणार! मी बाई नळाचंच पिते. गाळते, सवय आहे म्हणून. पण हे — ह्यांचं वेगळं आहे. ह्यांच्यासाठी रोज एक कळशी विहिरीचीच लागते. प्यायला नाही, डॉक्टरांनी सांगितलंय नका देऊ. गाळायला. त्यांना गाळायला पाणी लागतं, बेटा.

म्हणजे काय सांगू तुला. आतल्या खोलीत बसलेत ते, दार लोटलंय, तुला दिसणार नाहीत. तब्येत ठणठणीत आहे, बघशील तर म्हणशील, ह्यांना काय झालंय? पण इथलं — इथलं सगळं पुसलं गेलं. हळूहळू. आधी दुकानातल्या गिऱ्हाइकांची नावं गेली, मग दुकानच गेलं, म्हणजे दुकान आहे, ह्यांच्या डोक्यातून गेलं. मग अखिल गेला. अखिल आला की हे उठून नमस्कार करतात, बसा म्हणतात, जेवून जा म्हणतात. परक्याला म्हणावं तसं. तो पोरगा जेवतो ताटात बघत बघत. घर कुठलं, वार कुठला, जेवलो की नाही — काही नाही. पण सकाळी उठले की हात बरोबर खुंटीवरच्या गरण्याकडे जातो. तेवढं नाही गेलं. घडी बरोबर, कापड उलटं धरणं बरोबर, धार बरोबर — अगदी तरुणपणी करायचे तसं. त्या वेळी बघावं त्यांच्याकडे. वाटतं, छे, काही झालेलं नाही, आत्ता वळतील आणि विचारतील, आज भाजी काय गं?

अखिल म्हणतो, चला सुरतला. नेलं होतं की त्याने. उंच बिल्डिंग, लिफ्ट, खिडकीतून खाली बघितलं की मला गरगरायचं. पहिल्याच सकाळी ह्यांनी स्वयंपाकघरात गरणं बांधलं नळाला, पाणी गाळलं, सगळं व्यवस्थित. मग तांब्या हातात घेऊन उभे. इकडे बघतात, तिकडे बघतात. विहीर कुठंय? मी म्हटलं, अहो, इथं विहीर नाही, नळाचं पाणी आहे हे. तर काय केलं माहितीये? जिथलं पाणी तिथं — एवढंच पक्कं डोक्यात. तांब्या उचलला आणि नळाच्या तोंडाला लावला. खालून वर. नळात परत ओतायला बघत होते, बेटा. पाणी कोपरावरून ओघळतंय, सदरा भिजला, आणि हे पुन्हा तांब्या भरतात, पुन्हा लावतात, आणि पुटपुटतात, जात नाही, जात नाहीत घरी. सूनबाई रूपल चांगली आहे हो, ती रडायलाच लागली. अखिल आधी हसला. मग बाथरूममध्ये गेला आणि बराच वेळ आला नाही बाहेर. आठवडाभर राहायचं ठरलं होतं, दुसऱ्या दिवशी गाडीत बसलो आणि परत इथं. आल्याबरोबर विहिरीशी गेले. चपला पण नाही काढल्या. बादली सोडली, कान दिला, आणि मग शांत झाले.

म्हणून म्हणते, राहू द्या ना ही विहीर. किती दिवस राहणार आहोत आम्ही दोघं? मग बुजवा खुशाल. आणि दुसरं म्हणजे — ते पण आहे — तिच्यात जीव आहेत गं. मासे आहेत, बेडूक आहेत, एक कासव आहे म्हातारं, माझ्या लग्नाच्या वेळीही होतं म्हणतात. वरून एकदम मुरूम ओतलात तर? मी तर सांगितलं होतं ना फोनवर त्या साहेबांना, काय ते करा पण आधी माणूस उतरवून कासव बाहेर काढा, आणि मग —

...

पाणी पी ना तू. ठेवलंस का खाली?

बघतेस काय अशी. हो. मीच केला फोन. ऐकलंस ना, सुटलं तोंडातून, आता झाकून काय उपयोग. दुपारी हे झोपले होते तेव्हा केला, तुझ्या त्या मीटिंगच्या कागदावर नंबर छापला होता त्याच्यावर. तोंडावर पदर धरून बोलले. साहेबांनी नाव विचारलं तर म्हटलं, गल्लीतली एक बाई आहे मी, नाव कशाला हवं? म्हटलं, कठडा पडलाय, शाळेची मुलं येतात-जातात, बुजवून टाका. मुलांचं नाव पुढे केलं. खरं काय ते नाही सांगितलं.

खरं हे की माझे हात पुरत नाहीत आता. ते वाकतात. कठडा नाही, तरी त्यांना कठडा आहेच असं वाटतं, जिथं टेकायचे तिथंच टेकायला जातात आणि तिथं काही नाही. मी मागून धोतर धरून उभी असते, रोज. एक हात धोतराला, एक दोराला. त्या दिवशी पाय सरकला त्यांचा. अर्धे आत होते, बेटा. माझ्या मुठीत धोतर फाटत होतं, टर्र टर्र ऐकू येत होतं मला. नशीब, समोरचे लोटन आप्पा दात घासत उभे होते, धावले, कमरेत मिठी मारून ओढलं मागे. आणि हे आप्पांवर चिडले, म्हणाले, सोडा, जिवाणी सांडली! आप्पा ह्यांना नाना म्हणतात. मला म्हणाले, भाभी, आज मी व्हतू म्हनीन नाना वाचनात. सकाय कोण धरी? आज आप्पा होते म्हणून वाचले. उद्या कोण धरील? मी धरीन — पण माझ्या ह्या मनगटांकडे बघ तू. दुसऱ्या दिवशी तांब्या लपवून ठेवला मी. तर घरभर शोधत फिरले, जेवले नाहीत, लहान मुलासारखे दाराशी बसून राहिले. काढून दिला शेवटी. मग फोन केला.

जाळी? तीही विचारली मी. तुमचे हितेंद्र साहेब परवा दोर लावून आत बघून गेले, तेव्हा लांबून विचारलं. ते म्हणाले, माताजी, आतला दगडच सुटलाय, जाळी बसवायला काठ कुठंय? उद्या रस्ता खचेल. चांगलं बोलले, समजावून बोलले. मला काय कळत नाही का? कळतं सगळं. कळूनच तर फोन केला. आणि आज तुमचा ट्रॅक्टर कोपऱ्यावर दिसला तशी तुला इथं धरून बसवलं. रोज संध्याकाळी आम्ही म्हणतो बघ, जाणता-अजाणता कोणत्या जीवाला दुखावलं असेल तर मिच्छामि दुक्कडं, क्षमा असो. अजाणता नाही गं हे. मुंगीला वाट देणारी बाई मी, आणि अख्खी विहीर बुजवा म्हणाले. पण ह्यांचा जीव तो जीव नाही का? तो कोणत्या कापडावर धरू मी? सांग ना. तुझ्या मीटिंगमध्ये सांगतात का हे?

काय? — कासव काढलंत? चांगलं केलंत. कुठे नेलं, तलावात? बरं. जगेल ना तिथं?

नाही, रडत नाही मी. रडायचं ते त्याच दिवशी झालं. आता एकच सांगते, आणि हे तू कुणाला सांगू नकोस, अखिललाही मी नाही सांगितलं. हे मला ओळखत नाहीत. दिवसभर मी बाई. बाई, पाणी द्या. बाई, तुम्ही कुठल्या? रात्री उठतात आणि म्हणतात, बाई, तुमच्या घरचे वाट बघत असतील, जा ना घरी. मी म्हणते, जाते हो. आणि तिथंच बसते अंधारात. संसार झाला आमचा, मुलं झाली, आणि मी बाई. पण विहिरीशी ना — दोर सोडताना पुढे ते धरतात, मागचं टोक माझ्याकडे, एकट्याने होत नाही ते. तर बादली खाली जायला लागली की मागे न बघता हात मागे करतात आणि म्हणतात, जतन, धर.

रोज. एकदाच. जतन, धर. मग बादली वर आली, दोर गुंडाळला, की संपलं. पुन्हा बाई.

हे बुजवणार आज तुमचे लोक.

नाही, नाही, थांब, उठू नकोस. साहेबांना फोन नको लावूस. काय सांगशील, एका म्हातारीचं नाव अडकलंय विहिरीत, म्हणून रस्ता खचू द्या? वेडी की काय. बुजवायचीच आहे. मी म्हटलंय ना, मीच म्हटलंय. मागच्या अंगणात हौद आहे धुण्याचा, उद्यापासून हात धरून तिकडे नेईन, म्हणेन ही घ्या विहीर. फसतील की नाही, ते मला माहीत नाही. हौद कमरेएवढा. तिथं दोर लागत नाही. दोर नाही तर —

श्श. दार वाजलं. आले बघ. तांब्या आहे हातात.

या, या ना. सावकाश. ही होय? ही मोहिनी, साक्रीची, माहेरची आहे. हो, हो, जेवून जाईल ती. तांब्या द्या इकडे — नाही देणार? बरं, धरा तुम्हीच. पायरी आहे हं. — मोहिनी, आप्पांना हाक मार, पटकन. ते समजतात, ते कमरेला धरतात, तू काही करू नकोस. तू फक्त त्या माणसांना सांग, थोडं थांबा. इंजिन बंद करायला लाव त्यांना. अगदी बंद. हां, तेवढं कर बेटा. आणि इथं उभी राहा, पण बोलू नकोस.

धरलंत आप्पा? घट्ट धरा.

...

हो. धरलाय. मी धरलाय, सोडा तुम्ही. सावकाश.

...

झाला का गं आवाज? नाही ना? मला नीट ऐकू येत नाही हल्ली, म्हणून विचारते. — नाही झाला. बरं.

चला हो, आत चला. दोर असू द्या, मी गुंडाळते. हो, बाई गुंडाळतील. आज स्थानकात जाऊन बसू आपण, महासतीजींचं व्याख्यान आहे. आहे हो, आहे, चला. स्थानक लांब आहे, मोहिनी, तिथं मुरमाचा आवाज येत नाही.

जा तू आता. सांग त्यांना, या म्हणावं.